संभाषण : वर्ष पाचवे

रोडगे गुरुजी टाचण काढल्याशिवाय कुठलंही काम करत नसत. टाचण म्हणजे उद्या वर्गात काय शिकवायचं, कसं शिकवायचं आणि मुलांना ते आलं की नाही हे कसं बघायचं, ते आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवणं. आम्ही बाकीचे शिक्षक, साहेब तपासणीला येणार अशी कुणकुण लागली की महिन्याभराचं टाचण एका बैठकीत उरकायचो. गुरुजी रोज लिहीत. बरं, शाळेपुरतं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी. सेलूहून बियाणं आणायचं असलं तरी त्यांच्या खिशात कागद असे : उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन. एकदा दिवाळीच्या आधी मी त्यांच्या घरी गेले, तर काकू चहा देता देता म्हणाल्या, "चकल्यांचंबी टाचन काढलंय बगा यांनी. मूल्यमापनात लिवलंय, खुसखुशीत हाय का न्हाई ते पाहणे." गुरुजी शेजारीच बसले होते. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

वालूरच्या जिल्हा परिषद शाळेत मी नवीन लागले तेव्हा माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. मधल्या भिंतीतून त्यांचा आवाज यायचा. "पाया कच्चा ठिवून पुढं न्हाई जायचं." हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येई. एका पोराचा 'ळ' जमत नसेल तर सगळा वर्ग 'ळ'वर थांबे, मग बाकीच्या शाळेचं काहीही होवो. त्यांच्या मुलांच्या वहीत चूक सापडायची नाही. मात्र साहेबांनी एखाद्याला उभं करून तोंडी काही विचारलं की मूल गुरुजींकडे बघत उभं राहायचं. उत्तर त्याला येत असायचं. ते चुकणार नाही याची खात्री नसली की तोंड उघडायचं नाही, असं ते शिकलेलं असायचं.

गुरुजी स्वतःही असेच शिकले होते. नोकरीच्या सुरुवातीला परभणीला एका प्रशिक्षणात सगळ्यांनी इंग्रजीतून ओळख करून द्यायची होती. गुरुजी हौसेनं उठले, काहीतरी चुकलं आणि सगळा हॉल हसला. काय चुकलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तवाच ठरवलं बाई. पक्कं आल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई." हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते, आणि त्या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली होती.

वर्षा ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात इंजिनिअर झाली, कंपनीनं जपानला पाठवली आणि तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं. गुरुजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन करून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पोरगा शिस्तीचा हाय का?" वर्षा म्हणाली, "बाबा, तुमच्यापेक्षा शिस्तीचा आहे." विषय मिटला. गावात कुणी काही बोललंच तर गुरुजी हेच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकत.

मग हाना झाली. वर्षानं सुरुवातीला तिच्याशी मराठीत बोलायचा नेम ठेवला होता. पण दिवसभर पाळणाघर, घरी बाप जपानी, आणि वर्षा येणार ती दमून. हानाकडे मराठीचे चार शब्द उरले : आई, आजी, आजोबा, पाणी. दर रविवारी दुपारी चारला व्हिडिओ कॉल यायचा, कारण तेव्हा तिकडे साडेसात वाजलेले असत आणि हानाची झोपायची वेळ जवळ आलेली असे. गुरुजी फोनसमोर बसून भू भू करत, म्याव म्याव करत, हाना हसे. एका रविवारी मी तिथे होते. हाना साडेतीन वर्षांची होती. तिनं गुरुजींना काहीतरी विचारलं. गुरुजी म्हणाले, "हो हो." तिनं परत विचारलं. "हो बाळा, हो." तिसऱ्यांदा विचारलं, उत्तराची वाट बघितली आणि ती उठून निघून गेली. "काय म्हनायली ती?" गुरुजींनी विचारलं. वर्षा घाईत होती. "काही नाही बाबा, असंच."

फोन बंद झाला तरी गुरुजी त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "बाई, जपानी शिकायची म्हनलं तर सुरुवात कुठून करत असतील?"

त्याच वर्षी ते निवृत्त झाले होते. माझ्याकडे मोबाईल बरा आणि शाळेतला प्रिंटर माझ्या ताब्यात, म्हणून माहिती काढायचं काम माझ्यावर आलं. त्या भाषेच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात, सगळ्यात सोपी ती पाचवी आणि सगळ्यात अवघड ती पहिली, हे मी सांगितल्यावर गुरुजी खूश झाले. "उलटीच शाळा हाय की! पाचवीत नाव घालायचं आन पहिलीतून निघायचं." आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. बैठकीच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवलेला होता. शाळेच्या वार्षिक नियोजनासारखेच रकाने, फक्त एका वर्षाऐवजी पाच वर्षांचे. पहिल्या वर्षी जपानीच्या दोन अक्षरलिप्या आणि सोपी चित्राक्षरं. दुसऱ्या वर्षी वाक्यरचना. तिसऱ्या वर्षी उताऱ्यांचं आकलन. चौथ्या वर्षी वर्तमानपत्र. पाचव्या वर्षाच्या पहिल्या सत्रात अवघड चित्राक्षरं, आणि अगदी खाली, शेवटच्या रकान्यात, लाल शाईनं लिहिलं होतं : 'संभाषण.'

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्हाला तर नातीशी बोलायचंय. मग बोलणं शेवटी कशाला?"

"बाई, जिभेवर चूक बसली की निघत न्हाई. आन तिनं माझं ऐकून चुकीचं धरलं तर?"

"ती तिथं जन्मली. ती तुमचं ऐकून कशाला चुकेल? आणि पाच वर्षांनी साडेआठ वर्षांची होईल ती."

"मंग बरंच की. त्या वयात पोरं साफ बोलत्यात. आपल्यालाबी समजायला सोपं."

वर्षाला यातलं काही सांगायचं नाही, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला. सगळं पक्कं झालं की एकदम सांगून तिला चकित करायचं होतं. मीही हसत हसत शब्द दिला. गुरुजींच्या उत्साहाचं मला कौतुक वाटत होतं, हे खरं सांगते.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायची आणि त्यांची चाचणी घ्यायची. निवृत्त माणसाला विसाव्या शब्दाला घाम फुटलेला मी पाहिलाय. नियम त्यांचाच : पैकीच्या पैकी मिळाले तरच पुढचा घटक, एक रेघ चुकली तरी तो घटक पहिल्यापासून. चाचण्या घेता घेता मलाही पहिल्या वर्षाचे शब्द येऊ लागले. गुरुजींचं अक्षर इतकं सुंदर की ती चित्राक्षरं छापल्यासारखी दिसत. जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला शाळेत फोन केला. "आपल्यासारखंच हाय हो सगळं! इंग्रजीनं उगं आपल्याला भेवाडून ठिवलं." काकू मात्र वैतागल्या होत्या. "दळन आनायचं टाचन काढायला फुरसत न्हाई आता, जपान चालू हाय," म्हणायच्या.

या सगळ्यात रविवारचा कॉल बदलला. गुरुजींनी भू भू, म्याव म्याव करणं सोडून दिलं. आता ते फोनच्या बाजूला, पडद्यावर दिसणार नाहीत असे बसत. मांडीवर वही. हाना बोलायला लागली की ओळखू आलेला शब्द ते लिहून घेत. ती पलीकडून "आजोबा, आजोबा" करायची आणि हे खाली मान घालून लिहायचे. कॉल संपला की मला दाखवायचे, "आज अकरा शब्द समजले." आठवड्याला एखादा शब्द वाढायचा. हाना मात्र हळूहळू आजीशीच हातवारे करून खेळायला लागली. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, "गुरुजी, त्या पोरीला तुमचं तोंड तरी दिसू द्या." ते म्हणाले, "दम काढा बाई. करायलोय न मी."

नियोजन अर्थातच लांबलं. पहिल्या वर्षाला दीड वर्ष लागलं. गुरुजींनी भिंतीवरचा कागद काढून नवा लावला. त्यात संभाषण सातव्या वर्षात गेलं होतं. मी त्या कागदाकडे बघितलं आणि काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात वर्षा हानाला घेऊन पंधरा दिवसांसाठी वालूरला आली. हाना सहा वर्षांची झाली होती. दारात उतरल्यावर तिनं घर बघितलं, आजीला मिठी मारली आणि सगळ्या घरभर बोट दाखवत "कोरे नानी? कोरे नानी?" करत सुटली. म्हणजे "हे काय?" गुरुजींच्या वहीतला हा अगदी सुरुवातीचा प्रश्न. उत्तरंही त्यांना निम्म्याहून अधिक येत होती. अंगणातल्या मांजरीकडे बघून ती ओरडली, "नेको!" गुरुजी माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "बरोबर सांगितलं तिनं."

मला हसू आलं आणि रागही आला. "मग तिला म्हणा की तसं! म्हणा, हो, नेको. एवढंच म्हणा."

"आन त्याच्यापुढं तिनं काही इचारलं आन मला आलं न्हाई तर? संभाषन झालं न्हाई आजून, बाई."

पंधरा दिवस ते तिच्या मागे मागे फिरले. ती बोलली की ऐकत, मनात अर्थ लावत, आणि अर्थ लागेपर्यंत ती पुढे पळालेली असे. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो ताण दिसे तो मला माहीत होता, चाचणीच्या वेळचाच होता तो. पण सहा वर्षांच्या मुलीला तो कसा दिसला असेल? भुवया आवळलेला, न हसणारा, एक शब्दही न बोलणारा म्हातारा.

जायच्या दोन दिवस आधी गुरुजींच्या शेतात हुरडा केला. काकू, वर्षा, हाना, गुरुजी आणि मी, एवढेच. आगटीत कणसं भाजली जात होती. गुरुजी गरम कणसं हातावर चोळून दाणे पाडत होते आणि हानाच्या पुढ्यातल्या ताटलीत टाकत होते. तिखट लागू नये म्हणून तिच्यासाठी चटणी वेगळी केली होती. हाना दाणे खात होती आणि त्यांच्याकडे बघत होती. मग वर्षाकडे वळून तिनं शांतपणे विचारलं, "आजोबा, हाना नो कोतो, किराइ?"

हे मला समजलं. 'आवड-निवड' हा पहिल्या वर्षातला घटक होता आणि त्याची चाचणी मीच घेतली होती. तिनं विचारलं होतं, "आजोबांना हाना आवडत नाही का?"

गुरुजींचे हात थांबले. त्या घटकात त्यांना पैकीच्या पैकी होते.

वर्षा तिला जवळ घेऊन जपानीत भराभर काहीतरी बोलली, तिच्या केसांवरून हात फिरवला. मग आमच्याकडे बघून हसून म्हणाली, "चटणी तिखट लागली म्हणतेय."

गुरुजी वर्षाकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, चूक बोला, काहीही बोला. मीसुद्धा बोलू शकले असते. अगं वर्षा, यांना सगळं समजलंय, एवढं मराठीत म्हणायला मला कुणी अडवलं होतं? दिलेला शब्द, दुसरं काय! आणि गुरुजी आता बोलतील, आता बोलतील, ही आशा. गुरुजींनी खाली बघितलं आणि म्हणाले, "मंग गूळ दे तिला." पुन्हा कणीस चोळायला घेतलं. त्या दिवशीचा माझा स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. हानानं आजीचे मुके घेतले आणि गुरुजींसमोर येऊन कमरेतून वाकून नमस्कार केला. गुरुजींनीही हात मांडीला लावून, पाठ सरळ ठेवून, तितकंच वाकून नमस्कार केला. दुसऱ्या वर्षाच्या 'शिष्टाचार' घटकातलं होतं ते, अगदी बिनचूक. हाना थोडी चकित झाली, पण तोवर वर्षानं तिला गाडीत घेतलं.

त्यानंतरच्या शनिवारी गुरुजी स्वतःच शाळेत आले. पोरं गेलेली होती. बाकावर बसले आणि म्हणाले, "बाई, नियोजन चुकलं." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. "संभाषन आधी घ्यायला पायजे होतं. तुमी म्हनत होता." मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू येत होतं. मी पर्समधून फोन काढला. "आत्ता लावते. एकच वाक्य बोला. हाना मला खूप आवडते, एवढंच. ते तर तुम्हाला झोपेत येतं."

त्यांनी माझा हात धरला. घाबरले होते. "आज नगं. लय झालंय ते, एका वाक्यात निभायचं न्हाई. ती इचारल, मंग बोलला कामून न्हाईत? त्याचं उत्तर बसवायला पायजे. मला आठ दिवस द्या."

आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना. त्यांनी संभाषणाचं टाचण काढलं. हाना काय विचारेल, मी काय म्हणेन, त्यावर ती काय म्हणेल. वहीच्या डाव्या पानावर हानाचे प्रश्न आणि उजव्या पानावर यांची उत्तरं. प्रश्न वाढतच चालले होते, कारण सहा वर्षांचं मूल काय विचारेल याला अंत कुठे असतो? "पाडव्याला बोलतो," असं शेवटी त्यांनी मला सांगितलं. पाडव्याच्या आठ दिवस आधी, सकाळी अंघोळीला पाणी काढताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. सेलूच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. काकू मला म्हणाल्या, "कायबी बोलले न्हाईत हो. नुसतं बगितलं माज्याकडं."

वर्षा एकटीच आली, हाना बापाजवळ राहिली. तेराव्याच्या आदल्या दिवशी तिला वह्यांची पेटी सापडली. मी गेले तर ती जमिनीवर बसली होती आणि सगळीकडे वह्या पसरल्या होत्या. "हे बाबांनी केलं? मला का नाही सांगितलं? मी रोज बोलले असते त्यांच्याशी. रोज!" मी जे होतं ते सांगितलं. बराच वेळ ती वह्या चाळत राहिली. मग तिनं मान वर न करता विचारलं, "म्हणजे शेतात हाना जे बोलली, ते बाबांना समजलं होतं?"

मी म्हटलं, "नाही गं. एवढं भराभर बोललेलं त्यांना कुठलं समजायला?"

आयुष्यात मी इतकं सफाईदार खोटं कधी बोलले नव्हते. तिनं विश्वास ठेवला, की ठेवल्यासारखं दाखवलं, मला कळलं नाही. ती उठून अंघोळीला गेली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर हाना. काकूंनी फोन माझ्या हातात दिला, "तुमीच बोला, तुमाला येतंय थोडं." मला काय येत होतं? पहिल्या वर्षाचे शब्द. हानानं मला ओळखलं. आजोबा मला बाई म्हणत, म्हणून तीही "बाई" म्हणाली. आई कुठे, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "ओफुरो." अंघोळ. तिला समजलं. एवढ्या एका शब्दावर आमचं भागलं.

ती फोन ठेवणार होती. मी हातानं थांब अशी खूण केली. शब्द जुळवले आणि म्हणाले, "आजोबा, हाना, दाइसुकी." आजोबांना हाना खूप आवडायची. माझं वाक्य बहुधा चुकलं असावं, कारण तिनं ते नीट करून पुन्हा म्हणून दाखवलं, आणि मी म्हणेपर्यंत थांबली. मी म्हटलं. ती हसली नाही, तिनं चिडवलं नाही. मग तिनं विचारलं, मग आजोबा माझ्याशी बोलले का नाहीत?

याचं उत्तर बसवायला गुरुजींनी महिना घालवला होता. माझ्याकडे मिनिटही नव्हतं. जे शब्द येत होते त्यातलेच तीन उचलले. "आजोबा वा, हाना गा, कोवाकात्ता." आजोबांना हानाची भीती वाटायची.

"हानाची?" तिनं तिच्या भाषेत विचारलं. मी मान हलवली.

ती पडद्याच्या अगदी जवळ आली, इतकी की तिचे नुसते डोळेच दिसत होते, आणि मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "हाना, कोवाकु नाइ यो."

हानाला काही घाबरायचं नसतं.